आरोग्य कार्यक्रमाचा उतारा



हंगाम संपला की आपण एकमेकांना दोन आकडे विचारतो. गाळप किती झाले, आणि उतारा किती पडला. नुसते गाळप ऐकून कोणाचे समाधान होत नाही. ऊस भरपूर गाळला पण साखरच कमी निघाली, तर त्या गाळपाचे कौतुक कोण करणार? काट्यावरचे वजन आणि पोत्यातली साखर यांतला फरक आपल्या कार्यक्षेत्रातल्या शाळकरी पोरालाही कळतो.

आता आपल्या वार्षिक अहवालातले आरोग्याचे पान उघडून पाहा. तिथे सगळे गाळपच आहे. शिबिरे घेतली, तपासण्या केल्या, औषधे वाटली, पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन झाले, आणि खाली फोटो. उतारा कुठेच नाही. मागच्या वार्षिक सभेत एक वयस्क सभासद उठले आणि म्हणाले, "शिबिरं झाली, लई झ्याक झालं. पर त्यानं आजारी माणूस कमी झालं का न्हाई, तेवढं बी सांगा की." मंडपात हशा पिकला. व्यासपीठावर मात्र उत्तर कोणाजवळच नव्हते. प्रस्तुत लेखकाजवळही नव्हते, आणि शिबिरांची ती यादी तर त्यानेच तयार केलेली होती. म्हणून हा लेख.

टोकापासून मागे

आरोग्याचे काम आखण्याची एक पद्धत आता जगभर रूढ झाली आहे. ती ऐकायला मोठी वाटते, पण मुळात साधी आहे. शेवटी काय हवे ते आधी लिहायचे, आणि तिथून एकेक पायरी मागे येत 'आज काय करायचे' इथपर्यंत पोचायचे. आपण नेमके उलटे करतो. डॉक्टर मिळाले, मांडव मिळाला, औषधांची खोकी मिळाली. चला, शिबिर घेऊ. त्यातून पुढे काय निघायचे ते निघेल.

शेवटी जे हवे त्याला ध्येय म्हणतात. 'ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातली आई आणि मूल निरोगी राहावे' हे ध्येय झाले. ध्येय मोठे असते, एका हंगामात हाती लागत नाही, आणि त्याला आकडाही नसतो. म्हणून त्याच्या खाली उद्दिष्टे लागतात. उद्दिष्टाला आकडा लागतो, तारीख लागते. १९८१ साली जॉर्ज डोरन या अमेरिकन सल्लागाराने उद्दिष्टाच्या पाच कसोट्या सांगितल्या. नेमके काय करायचे, ते कशाने मोजायचे, कोण करणार, झेपण्यासारखे आहे का, आणि कधीपर्यंत. यांतली 'कोण करणार' ही कसोटी पुढे पुष्कळ पुस्तकांतून गळाली आणि तिच्या जागी 'साध्य होण्याजोगे असावे' असे आले. माझ्या मते हे नुकसानच झाले. ज्या कामापुढे माणसाचे नाव नाही त्याची गत चारीच्या टोकाच्या रानासारखी होते. पाणी सुटले असे सगळे सांगतात, रान मात्र कोरडेच.

आजचे काम आणि शेवटचे ध्येय यांना जोडणारा जो कागद, त्याला लॉजिक मॉडेल म्हणतात. आपण त्याला कार्यकारणाची साखळी म्हणू. असा तक्ता १९६९-७० च्या सुमारास अमेरिकेच्या परदेशी मदतीच्या खात्याने आपल्या कामांसाठी वापरात आणला, आणि पुढे तो शेती, पाणी, आरोग्य अशा सगळ्याच खात्यांत पसरला. कागदावर डावीकडून उजवीकडे कड्या मांडायच्या. पहिली साधने: पैसा, माणसे, औषधे. दुसरी प्रत्यक्ष काम. तिसरी त्या कामाची मोजदाद, म्हणजे किती तपासले, किती वाटले. चौथी परिणाम, म्हणजे त्यामुळे माणसाच्या अंगात किंवा वागण्यात काय बदलले. पाचवी शेवटचा परिणाम, म्हणजे आजार आणि मृत्यू कमी झाले का.

साखर कारखान्याच्या माणसाला हे परके वाटायचे कारण नाही. टोळ्या, गाड्या आणि यंत्रसामग्री ही साधने. तोडणी-वाहतूक हे काम. गाळप ही मोजदाद. उतारा हा परिणाम. आणि सभासदाच्या घरात ऊसबिलाचे पैसे येऊन पोराचे शिक्षण झाले, कर्ज फिटले, तर तो शेवटचा परिणाम. ज्या दिवशी पहिल्या सभासदांनी भागभांडवल गोळा केले त्या दिवशी त्यांच्या डोक्यात हाच कागद होता, फक्त तो इंग्रजी नावाने कोणी काढला नव्हता.

मात्र या कागदावरची खरी महत्त्वाची गोष्ट कड्यांमध्ये नाही, दोन कड्यांच्या मधल्या जागेत आहे. तिथे दर वेळी एक 'जर' असतो. औषध वाटले, तर रोगी बरा होईल. पण केव्हा? जर त्याने ते घेतले तर. जर रोग तोच असेल तर. जर तो उद्याही इथेच असेल तर. हे सगळे 'जर' आधीच लिहून काढणे, आणि त्यांतला कोणता ठिसूळ आहे ते ओळखणे, यालाच नियोजन म्हणायचे. बाकी सगळी मांडवाची तयारी.

आकड्याचा उपयोग काय, असेही काही जण विचारतात. १९८३ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात असे लिहिले होते की २००० सालापर्यंत देशातला बालमृत्युदर दर हजार जन्मांमागे ६० च्या खाली आणावा. १९८१ मध्ये तो ११० होता. २००० साल उजाडले तेव्हा तो ६८ भरला. उद्दिष्ट हुकले, पण किती हुकले ते सांगता आले. 'बालकांचे आरोग्य सुधारावे' एवढेच लिहिले असते तर त्या वर्षी सगळ्यांनी एकमेकांना हार घातले असते.

नारूची साखळी

आता एक खरे उदाहरण सांगतो. साठी ओलांडलेल्या सभासदांना नारू आठवत असेल. पायाला फोड यायचा, आग व्हायची, तो फुटून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत बाहेर डोकावायचा. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा, तुटला तर पाय सुजून माणूस आणखी दिवस अंथरुणाला. जंत कधी कधी हातभराहून लांब निघायचा. ऐन पेरणीत घरातला कर्ता माणूस आडवा पडायचा.

नारूवर औषध नव्हते, लसही नव्हती. एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होणार नाही असेही नव्हते. म्हणजे 'शिबिर घेऊ, गोळ्या वाटू' हा मार्गच बंद होता. त्यामुळे आखणी करणाऱ्यांना साखळीच मांडावी लागली. ती अशी: फोड आलेला माणूस पायऱ्यांच्या विहिरीत किंवा बारवेत उतरतो. पाय पाण्यात गेला की जंत हजारो पिल्ले पाण्यात सोडतो. पाण्यात सायक्लॉप्स नावाचा बारीक किडा असतो, तो ती गिळतो. तेच पाणी माणूस न गाळता पितो. पोटात किडा मरतो, पण नारूचे पिल्लू जगते, वाढते, आणि साधारण वर्षाने पायातून बाहेर येते. पुन्हा तो माणूस बारवेत उतरतो.

साखळी अशी मांडली की तोडायच्या जागा आपोआप दिसतात. माणसाला पाण्यात उतरू द्यायचे नाही, म्हणजे पायऱ्या बुजवून कठडा आणि रहाट करायचा, किंवा हातपंप द्यायचा. किडा मारायचा, म्हणजे पाण्यात टेमिफॉस नावाचे औषध ठरावीक प्रमाणात टाकायचे. किडा पोटात जाऊ द्यायचा नाही, म्हणजे पाणी दाट कापडातून गाळून प्यायचे. आणि रोगी शोधून जखमेला पट्टी बांधून तिला पाण्यापासून दूर ठेवायचे. यांतली एक जरी कडी वर्षभर पक्की तुटली तरी पुढच्या वर्षी नारू नाही.

१९८३-८४ मध्ये देशभर निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा आधी मोजणी केली. १९८४ च्या मोजणीत सुमारे ४० हजार रोगी आढळले, १२ हजारांहून अधिक गावांत, सात राज्यांत. आपला महाराष्ट्र त्यांत होता. उद्दिष्ट काय ठेवले? 'इतके हातपंप' नव्हे, 'इतकी भाषणे' नव्हे. रोग्यांची संख्या शून्य. म्हणून कर्मचारी घरोघर फिरून रोगी शोधत राहिले, आणि रोगी सापडला नाही तरी 'शून्य' असा अहवाल द्यायचा, गप्प बसायचे नाही असा दंडक होता. हातपंप बसला पण बाया तरी बारवेचेच पाणी नेत असतील, तर हातपंपांच्या यादीत ते कधीच दिसले नसते. रोग्यांच्या यादीत मात्र ते वर्षाने उघडे पडले असते.

इथे एक बारीक मुद्दा आहे, तो आपल्या कामाला फार उपयोगी आहे. नारूचा जंत बाहेर यायला वर्ष लागते. म्हणजे यंदा केलेल्या कामाचा उतारा पुढच्या वर्षी कळणार. आडसाली ऊस लावणाऱ्याला हे सांगायला नको. जुलै-ऑगस्टात लावला की दीड वर्षाने तोड. पण म्हणून दीड वर्ष कोणी बांधावर हात जोडून बसत नाही. उगवण पाहतो, फुटवे मोजतो, कांड्या पाहतो. तसेच कार्यक्रमातही मधल्या खुणा ठरवाव्या लागतात. किती घरांत पाणी गाळून पितात, किती विहिरींच्या पायऱ्या बंद झाल्या. या खुणा मोजायच्याच, फक्त त्यांना उतारा समजायचे नाही.

शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ शोध चालूच ठेवला, आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. माझ्या वाचनात लसीवाचून आणि औषधावाचून इतके नेटके काम दुसरे नाही.

चुकीच्या कडीला बांधलेला आकडा

आकडा ठेवला म्हणजे सगळे साधले असेही नाही. तो कोणत्या कडीला बांधला यावर सगळे आहे. १९७६-७७ या आणीबाणीच्या वर्षात देशात ८२ लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. प्रत्येक जिल्ह्याला, तालुक्याला, तलाठ्याला आणि मास्तरला आकडा दिलेला होता. तेव्हाची हकिकत जुन्या मंडळींनी पाहिली आहे, इथे उगाळायला नको. ध्येय होते लहान आणि सुखी कुटुंब. आकडा मात्र बांधला शस्त्रक्रियेला, म्हणजे तिसऱ्या कडीला, मोजदादीला. मग खालच्या माणसाने ध्येय सोडून दिले आणि आकडा पकडला. म्हातारे धरले, अविवाहित धरले, कोणी लपून बसले. पुढे पाळणा लांबवायच्या कार्यक्रमावरचा लोकांचा विश्वासच उडाला, तो परत मिळवायला कितीतरी वर्षे गेली. शासनाने कुटुंबनियोजनाच्या साधनांप्रमाणे लक्ष्यांक देण्याची पद्धत एप्रिल १९९६ मध्ये देशभर बंद केली.

म्हणून कोणी 'यंदा दुप्पट शिबिरे' असे उद्दिष्ट सुचवले की मला धास्ती वाटते. शिबिरे दुप्पट होतीलही. तीच तीच माणसे दोनदा तपासली जातील.

गडचिरोलीत आधी काय मोजले

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नवजात बाळांसाठी जे काम केले ते जगभर गाजले. पण त्यातली आपल्या उपयोगाची गोष्ट औषधापेक्षा पद्धतीची आहे. त्यांनी काम सुरू करण्याआधी मोजले. जन्मल्यापासून २८ दिवसांत किती बाळे जातात, आणि कशाने जातात. ३९ गावांत काम करायचे ठरले, आणि तुलनेसाठी शेजारची ४७ गावे नोंदीखाली ठेवली. गावातल्याच बाईला शिकवून आरोग्यदूत केले. ती बाळंतिणीच्या घरी जाई, बाळाचे वजन घेई, श्वास मोजी, ऊब कशी द्यायची ते दाखवी, जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली तर उपचार करी. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या हिशेबाने नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. हा निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, आणि २०११ पासून आशा कार्यकर्तीने नवजात बाळाला घरी जाऊन भेटण्याची योजना देशभर आली.

शेजारची गावे मोजली नसती तर कोणीही म्हणाले असते, की पाऊसपाणी बरे झाले म्हणून बाळे वाचली. आपल्याकडेही असे म्हणणारे आहेत, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नसते.

अकराचे शिबिर

आता घरचे. २०१९ मध्ये राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली होती. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या ८२ हजारांवर महिलांची पाहणी झाली, त्यांत १३ हजारांहून अधिक महिलांची गर्भपिशवी काढलेली आढळली. कितीतरी जणी अगदी तरुण. वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहून आले. पाळी, अंगावरून जाणे, पोटदुखी, याने कामाचे दिवस बुडतात, त्यापेक्षा पिशवीच नको, अशी समजूत करून दिलेली किंवा करून घेतलेली. या बाया कुठल्या दूरच्या गावच्या असतील, पण वर्षातले चार-पाच महिने त्या आपल्या फडात असतात, आपलाच ऊस तोडतात.

मागील हंगामात आपण त्यांच्यासाठीही शिबिर घेतले होते. गट ऑफिससमोर, सकाळी अकराला. डॉक्टर वेळेवर आले. बाकावर बसली ती मुख्यतः गावातली मंडळी, गुडघेदुखीची आणि बी. पी. ची. ऊसतोडीच्या बाया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. 'त्यांना आरोग्याची जाणीव नाही' असा शेरा मी त्या दिवशी वहीत मारला, हे इथे कबूल करतो.

संध्याकाळी कोप्यांवर गेलो. एक बाई चुलीला पाचट लावत होती, सातवा महिना असावा. मी विचारले, "ताई, शिबिराला का आला नाहीत?"

ती म्हणाली, "साहेब, तुमचं शिबिर अकराला. आमी पहाटं फडात जातो. मधीच उठून आलं तर कोयता एकट्यावर पडतो, आन् मुकादम खाडा लावतो. गोळ्या फुकट देता तुमी, पर त्या लई म्हाग पडत्यात."

माझ्या कागदावर 'शिबिर घेतले तर बाया येतील' असा एक 'जर' होता. तो लिहिलेलाच नव्हता, म्हणून ठिसूळ आहे हे कळले नाही. एका कोयत्यात नवरा-बायको दोघे असतात. एकाचा खाडा म्हणजे दोघांचे काम बसते, आणि उचल फिटायची ती फिटत नाही. जाणीव तिला माझ्यापेक्षा जास्त होती.

यंदाचा कागद

यंदा आखणी टोकापासून मागे केली आहे. उद्दिष्टे तीनच ठेवली आहेत, जास्त ठेवण्याचा मोह टाळला.

पहिले गरोदर मातांचे. टोळी तळावर उतरल्यापासून १५ दिवसांत प्रत्येक गरोदर बाईची नोंद, वजन, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन. हे सगळे संध्याकाळी कोपीवर जाऊन करायचे, तिला बोलवायचे नाही. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली असले तर रक्त कमी आहे असे धरतात. पहिल्या मोजणीत १०० पैकी जितक्या जणी ११ च्या खाली सापडतील, त्यांतल्या निदान चौथा हिस्सा दोन महिन्यांनंतरच्या मोजणीत ११ च्या वर याव्यात, असा आकडा बांधला आहे. तो परिणामाला बांधला आहे, गोळ्यांच्या पाकिटांना नाही, हे लक्षात घ्यावे. कारण शासनाच्या धोरणाप्रमाणे गरोदर बाईला लोहाच्या १८० गोळ्या मिळतात, पण मिळणे वेगळे आणि पोटात जाणे वेगळे. मळमळते, संडासला काळी होते, खडा होतो, मग पाकीट कोपीच्या कुडात खोचून ठेवतात. जेवणानंतर घ्यावी, चहाबरोबर घेऊ नये, काळी संडास झाली तर भिऊ नये, हे तीन शब्द सांगायला माणूस लागतो. सांगणार कोण? आशा ताई आणि उपकेंद्राच्या परिचारिका. त्यांची नावे गटवार कागदावर घातली आहेत.

दुसरे उद्दिष्ट दोन वर्षांखालील मुलांच्या डोसांचे. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस, नवव्या महिन्यात गोवर-रुबेला, आणि दीड वर्षाच्या सुमाराचा बूस्टर. नेमके हेच महिने या मुलांचे वाटेत आणि परमुलखात जातात. देय असलेल्या डोसांपैकी १०० तले ९० हंगाम संपायच्या आत मिळावेत असे ठरवले आहे. लसीचा दिवस कारखाना साफसफाईसाठी बंद राहील तेव्हा धरायचा, म्हणजे टोळी तळावर असेल. आणि कार्डाचा फोटो मुकादमाच्या व आईच्या मोबाईलवर ठेवायचा, कारण कोपीतले कार्ड एक तर भिजते नाही तर शेळी खाते.

तिसरे पाण्याचे, त्यात विशेष सांगण्यासारखे नाही. तळावरच्या टाकीत क्लोरीन आहे का ते रोज ओ. टी. चाचणीने पाहायचे, पिवळा रंग आला नाही तर त्याच दिवशी टाकायचे, आणि दर आठवड्याला जुलाबाचे रोगी मोजायचे.

या सगळ्यात ठिसूळ 'जर' कोणते, तेही लिहून ठेवले आहेत. टोळी एका फडावरून दुसऱ्या फडावर जाते, मग तिला पुन्हा शोधायचे कसे? आम्ही दोन बैठका याच प्रश्नावर घालवल्या. शेवटी एका जुन्या चिटबॉयने सांगितले, "टोळी कुठं हाय ते मला रोज ठाऊक असतंय. डॉक्टरला कुणी सांगत न्हाई, एवढंच." नोंदवहीची प्रत आता चिटबॉयजवळ राहील.

गडचिरोलीसारखी तुलनेची गावे ठेवणे आपल्याला शक्य नाही, आणि कोणाला वंचित ठेवून मोजणी करणे बरेही दिसत नाही. पण पहिल्या दिवशी सगळ्या गटांत काम सुरू करण्याइतकी माणसेही नाहीत. म्हणून सुरुवात दोन गटांत होईल आणि बाकीच्या गटांत जानेवारीपासून. पहिली मोजणी मात्र सगळीकडे एकदमच. मधल्या दोन महिन्यांतला फरक काही तरी सांगेल. कार्यक्रमाला न पेलणारी एक गोष्टही आहे. हंगाम संपला की बाई गावी जाते, बाळंतपण बहुधा तिकडेच होते. तिथले आपल्याला कळणार नाही. त्या गावच्या आशा ताईला फोन करून यादी कळवायची एवढेच आपल्या हातात.

राहिला खाड्याचा प्रश्न. ज्या दिवशी बाईला सोनोग्राफीला किंवा दवाखान्यात खरोखर जावेच लागते, त्या दिवसाचा खाडा कारखान्याने भरून द्यावा, असा ठराव आरोग्य समितीने संचालक मंडळाकडे पाठवला आहे. तो अजून मंजूर नाही. काही संचालकांचे म्हणणे असे की करार मुकादमाशी आहे, मजूर आपल्या पटावर नाहीत, आणि हा पैसा शेवटी सभासदाच्याच ऊसबिलातून जाणार. पैसा आपलाच जाणार हे खरे आहे, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण तोडणीच्या बाया आजारी पडल्या की टोळी निम्मी होते, फड लांबतो, उसाला तुरा येतो आणि वजन घटते, तेही आपल्याच ऊसबिलातून जाते. फक्त त्याचा स्वतंत्र रकाना अहवालात नसतो. माझे स्वतःचे मत ठरावाच्या बाजूचे आहे. या एका 'जर'ची व्यवस्था झाली नाही तर पहिल्या उद्दिष्टातला अर्धा कागद कागदच राहील असे मला वाटते. सभासदांनी आपापल्या गटाच्या संचालकांना भेटून हो किंवा नाही काय ते सांगावे. नाही म्हणणाऱ्यांचेही पत्र आले तर ते या अंकात छापले जाईल.

मोळी पडेल त्या आठवड्यात पहिली मोजणी सुरू होते. आपल्या रानात टोळी उतरली आणि तीत गरोदर बाई किंवा तान्हे मूल दिसले, तर चिटबॉयला त्याच दिवशी सांगावे, नोंद झाली का ते दोन दिवसांनी विचारावे. पहिल्या मोजणीचे आकडे गटवार जानेवारीच्या अंकात देऊ, दुसऱ्या मोजणीचे हंगाम आटोपल्यावर. दुसरे आकडे पहिल्यापेक्षा वाईट निघाले तरी ते त्याच पानावर येतील, जिथे एरवी उद्घाटनाचा फोटो असतो तिथे.